दुखणं जुनं लिहा

माझ्या हातचं इंग्रजी आयुष्यात एकदाच अमेरिकेला गेलं. चार ओळींचा दाखला होता. सानगडीच्या एका डॉक्टरांनी त्यावर सही केली, शिक्का मारला, आणि त्या चार ओळींपायी माझ्या वहिनीचं ऑपरेशन अडलं. हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. सांगताना माझा गळा भरून येईल अशी कोणाची अपेक्षा असेल तर ती आधीच सोडा. त्या वर्षांत मला रडू आलं नाही, झोप उडाली नाही, भूक मेली नाही. वेळेवर जेवलो, वेळेवर कचेरीत गेलो. सुन्न होणं म्हणतात ते माझ्या बाबतीत एवढंच होतं.

तेव्हा मी मोहाडीच्या तहसील कचेरीत कारकून होतो. घर बाजाराच्या मागे, आणि करडीकडे धानाच्या शेताच्या थोड्या बांध्या. वडील लवकर गेले. मोठा भाऊ हुशार, तो नागपूरला शिकून इंजिनियर झाला आणि बहात्तर साली अमेरिकेला गेला. मी बेताचा, म्हणून आईजवळ राहिलो. कचेरीत माझ्याकडे अर्जांचं टेबल होतं. निराधारांचे अर्ज, अपंगांचे अर्ज, सरकारी दवाखान्यात फुकट खाट मिळावी म्हणून केलेले अर्ज. प्रत्येकाला डॉक्टरचा दाखला लागायचा. दाखल्यात काय असावं हे डॉक्टरपेक्षा मला जास्त कळायचं, आणि तालुक्यातल्या डॉक्टरांनाही ते मान्य होतं. मी मजकूर लिहून द्यायचो, ते सही करायचे.

ही विद्या मला आमच्या बडेबाबूंनी, म्हणजे हेडक्लार्कनी, दिली. नोकरीला लागलो त्याच महिन्यात त्यांनी माझा एक अर्ज टेबलावर आपटला आणि म्हणाले, “काहून लिवलं बे असं? सहा महिन्यापासून आजारी! सहा महिन्यावाल्याले साहेब म्हनते, होशीन बरा, पुढच्या साली ये. दुखनं जुनं लिवत जाय. जुनं दिसलं का सही.” त्या दिवसापासून माझ्या टेबलावर कोणाचंच दुखणं नवं राहिलं नाही. करडीची एक विधवा बाई आली होती, ती मला अजून आठवते. मी विचारलं, “खोकल्याले किती दिवस झाले मावशी?”

“झाले असतीन जी दोन महिने.”

“दोन महिने नोको सांगू. दहा साल सांग.”

“दहा साल कशी सांगू गा? दहा साल खोकली असती त आतापावतो मेली नसती काय?”

मी तरी दहा साल लिहिलं. अर्ज पास झाला. बाई नंतर येऊन भली मोठी काकडी टेबलावर ठेवून गेली. आपण फसवणूक करतो आहोत असं मला कधी वाटलं नाही. दुखणं खरंच असायचं, आम्ही त्याचं फक्त वय वाढवायचो. सरकारला दया यायला दुखण्याला वय लागतं, हे मला दोन आणि दोन चार इतकं पक्कं माहीत होतं. त्यात मी नाव काढलं होतं म्हणा ना. मोहाडीच्या बाहेरूनही लोक विचारत यायचे, ते अर्ज लिहिणारे बाबू कुठे बसतात.

भावाचं लग्न त्र्याहत्तरच्या उन्हाळ्यात झालं. मुलगी सानगडीची, मॅट्रिक झालेली, बाजारात दुकान असलेल्या घरची. लग्नानंतर भाऊ लगेच गेला आणि तिचे कागद व्हायला चार-पाच महिने लागले. तेवढे दिवस ती आमच्याकडे मोहाडीला राहिली. मी तिच्याच वयाचा, त्यामुळे आमचं जमलं. विहिरीवरून घागर आणताना ती अर्ध्या वाटेत थांबायची, घागर कट्ट्यावर टेकवायची आणि मला हाक मारून काहीतरी विषय काढायची. आई म्हणायची, “बोलायची लय हौस आहे बाप्पा पोरीले.” मलाही तसंच वाटायचं. ती गेली तेव्हा घर काही दिवस मुकं झालं.

मग निळी पत्रं यायला लागली. भाऊ लिहायचा, आणि खाली वहिनीची एक ओळ असायची, सर्वांना नमस्कार, आईंनी प्रकृतीस जपावं. सुरुवातीची भावाची पत्रं म्हणजे नुसतं कौतुक. रस्ते कसे, दुकानं कशी, कचेरीत साहेबाला नावाने कशी हाक मारतात. एकदा त्याने लिहिलं की इथे आजारी पडलं तर काळजी नसते, कंपनी आपला विमा उतरवते आणि दवाखान्याचं सगळं विमा बघतो. आईने हे आळीभर सांगितलं. तिच्या सांगण्यात विमा गळून गेला आणि पोराच्या कंपनीचा मोठा दवाखाना आहे एवढंच उरलं. मी दुरुस्त केलं नाही, कारण आजारपणाचा विमा म्हणजे नेमकं काय ते मलाही ठाऊक नव्हतं. आमच्याकडे विमा म्हणजे मेल्यावरचा.

ऐंशी सालानंतर पत्रांचा सूर बदलला. भाऊ पंप बनवणाऱ्या कारखान्यात होता. तो कारखाना दुसऱ्या एका मोठ्या कंपनीने विकत घेतला. निम्मी माणसं घरी गेली. भाऊ राहिला, पण विमा जुना जाऊन नवा आला. त्यानंतर काही महिन्यांनी, त्र्याऐंशीच्या उन्हाळ्यात, वहिनीला जिना चढताना दम लागायला लागला. तिथल्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं की हृदयातली एक झडप अरुंद झाली आहे, ऑपरेशन करून ती मोकळी करावी लागेल, आणि वेळेत केलं तर ती चांगली जगेल. हे सगळं भावाने एका पत्रात लिहिलं. आणि पत्राच्या शेवटी, कागद संपत आल्यावर, बारीक अक्षरात लिहिलं, “सानगडीला तिचे लहानपणचे डॉक्टर आहेत. तिच्या प्रकृतीविषयी त्यांचा इंग्रजीत दाखला हवा आहे. विमा कंपनी मागते आहे. त्याच्यावर सगळं अवलंबून आहे. ताबडतोब पाठव.”

दाखल्यात काय असावं, हे त्याने लिहिलं नाही. त्याच्या दृष्टीने त्यात लिहिण्यासारखं काही नव्हतंच. बायको धडधाकट होती, डॉक्टर तसंच लिहिणार. आणि मला वाटलं, मला सांगायची गरज नाही म्हणून त्याने लिहिलं नाही. अर्जांचं टेबल माझ्याकडे आहे हे भावाला ठाऊकच आहे. दोघे सख्खे भाऊ, दोघांनी एकमेकांवर विश्वास टाकला.

आमच्या शेजारीच आयुर्विम्याचा एक एजंट राहायचा. सकाळी दात घासताना आमची रोज नजरानजर व्हायची. त्याला एक शब्द विचारला असता तर त्याने तोंडातला फेस थुंकून मला सरळ केलं असतं. मी विचारलं नाही. दाखल्याच्या बाबतीत मी कोणाला विचारायचं म्हणजे अतीच झालं असतं.

रजा टाकून सानगडीला गेलो. मोहाडीहून भंडारा, भंडाऱ्याहून साकोली, साकोलीहून पुढे, सगळा दिवस बसमध्ये. वाटेत मांडीवर वही घेऊन मजकूर तयार केला. मला तो अजून पाठ आहे. सदर बाई लहानपणापासून हृदयाच्या दुखण्याने आजारी असून लग्नापर्यंत माझ्या औषधोपचाराखाली होती, असा त्याचा अर्थ. ‘लहानपणापासून’ हा शब्द मी मुद्दाम पुढे घेतला. ‘औषधोपचाराखाली’ यासाठी घातला, की नुसतं दुखणं असून भागत नाही, त्याची कागदावर नोंद लागते. बसमध्ये मी स्वतःवर खूश होतो, हे खोटं कशाला सांगू.

डॉक्टर म्हातारे झाले होते. दवाखान्यात बाटल्यांवर कागदी पट्ट्या चिकटवत बसले होते. मी ओळख सांगितली, मजकूर पुढे केला. त्यांनी तो वाचला, चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा वाचला.

“हे तुमाले कोनं सांगितलं जी?” त्यांनी विचारलं.

“घरचीच गोष्ट आहे डॉक्टरसाहेब,” मी म्हणालो. “असंच लिवा लागते. तिच्या भल्यासाठीच आहे.”

मग त्यांनी आपलं छापील पॅड काढलं, माझा मजकूर स्वतःच्या अक्षरात उतरवला, आणि खाली स्वतःच्या मनाने आणखी एक ओळ घातली. वयाच्या नवव्या वर्षी आलेला ताप, सुजलेले सांधे, दोन वर्षं इंजेक्शनं. मला वाटलं, म्हातारा रंगात आला. चांगला दाखला लिहिणारा डॉक्टर मिळाला की कारकुनाला होतो तसा आनंद मला झाला. मी त्यांच्या पाया पडलो. दुसऱ्या दिवशी मोहाडीच्या पोस्टातून रजिस्टर करून दाखला पाठवला आणि आईला म्हणालो, काम फत्ते.

उत्तर यायला दसरा उजाडला. पत्र भावाच्या अक्षरात होतं, पण अक्षर त्याचं वाटत नव्हतं. विमा कंपनीने नकार कळवला होता. नव्या विम्याच्या नियमात एक कलम होतं. विमा सुरू होण्याआधी जो आजार माहीत होता किंवा ज्यावर उपचार झाले होते, त्याचा खर्च मिळणार नाही. माहीत नसलेला चालेल, माहीत असलेला चालणार नाही. वहिनीला काही माहीत नव्हतं, या दुखण्यासाठी ती कधी डॉक्टरकडे गेलीच नव्हती, असं भावाने लिहून दिलं होतं. कंपनी म्हणाली, तिकडच्या डॉक्टरचा तसा दाखला आणा. आणि आला तो हा दाखला. “त्या माणसाने असं धडधडीत खोटं का लिहिलं?” भावाने विचारलं होतं. “त्याच्याकडे जा, चुकून लिहिलं असं त्याच्याकडून लिहून घे.”

पत्र वाचून झालं तेव्हा माझे हातपाय गार पडतील, असं मला वाटलं होतं. तसं काही झालं नाही. आई ओसरीवर लाखोळीची डाळ निवडत होती. तिने विचारलं, “काय लिवते?” मी म्हणालो, “कागदात काई चूक निघाली.” मग अंघोळ केली, कचेरीत गेलो आणि त्या दिवशी तीन अर्ज लिहिले. संध्याकाळी शेजारच्या एजंटला सहज विचारल्यासारखं विचारलं. तो हसायलाच लागला. “इम्यात जुनं दुखनं सांगते काय कोनी? असलं तरी लपवते लोकं! कोन बयाड होता तो?” मी म्हणालो, असाच एक ओळखीचा.

सानगडीला पुन्हा गेलो तर डॉक्टर त्याच पावसाळ्यात वारले होते. दवाखान्याला कुलूप होतं. मी भावाला तसं कळवलं. दाखल्याचा मजकूर कोणाचा, हे त्या पत्रात लिहायची जागा होती. निम्मं पान कोरं होतं. त्यात मी यंदा धान कसं आहे ते लिहिलं.

नंतरची दोन वर्षं भाऊ अमेरिकेशी भांडला. आठवड्याला एक पत्र यायचं आणि ते मी आईला वाचून दाखवायचो. त्याच्या राज्यात विमा कंपन्यांवर देखरेख ठेवणारं एक सरकारी खातं होतं. त्याने तिथे तक्रार केली. खात्याने कळवलं की आपण नोकरीला आहात ती कंपनी नावाला विमा कंपनी नेमते, पण पैसा स्वतःच्या गल्ल्यातून देते, त्यामुळे राज्याचा कायदा तिला लागत नाही, आपण केंद्राकडे जावं. तो केंद्राकडे गेला. केंद्राने कळवलं की आमच्या कायद्यात कंपनीने काय द्यावं हे ठरवलेलं नाही, ते कंपनीचं मंडळ ठरवेल, आपण मंडळाकडे अपील करावं. मंडळावर कंपनीचीच माणसं. त्यांनी अपील फेटाळलं. मला हे वाचताना अगदी घरच्यासारखं वाटायचं. मोहाडीने भंडाऱ्याला पाठवायचं, भंडाऱ्याने मोहाडीला. फक्त कागद गुळगुळीत होता आणि उत्तर वेळेवर यायचं.

आई म्हणाली, “मंग तिथं बी तहसीलच आहे म्हना.”

भाऊ त्याच सुमारास तिथला नागरिक झाला होता. मत देणारा माणूस म्हणून त्याने आपल्या भागाच्या लोकप्रतिनिधीला चार पानी पत्र लिहिलं. उत्तर आलं. आपल्यासारख्या जागरूक नागरिकांमुळेच लोकशाही टिकून आहे, वगैरे. खाली निळ्या शाईत झोकदार सही. भावाने लिहिलं होतं, “मी बोट ओलं करून सहीवर फिरवलं. शाई पसरली नाही. छापलेली होती.” ती जुन्या आजाराची अट काढून टाकावी असा काहीतरी कायदाही त्यांच्याकडे येऊ घातला होता. समितीत गेला आणि तिथेच बसला. त्या समितीत हाच प्रतिनिधी होता. त्याला निवडणुकीत कोणी कोणी देणग्या दिल्या त्याची यादी तिथे कोणालाही बघायला मिळते म्हणे. भाऊ ती बघून आला. विमा कंपन्या ओळीने उभ्या होत्या.

भाऊ रागाने वेडा झाला होता. पत्राचा कागद फाटेल इतकी त्याची लेखणी दाबली जायची. उघड लाच आहे ही, त्याने लिहिलं होतं, आणि इथे कोणाला काही वाटत नाही, लोक रेडिओवर निवडणुकीच्या बातम्या क्रिकेटच्या धावांसारख्या ऐकतात. मला त्याचा राग समजत होता, पण माझ्यापर्यंत पोचत नव्हता. आमच्याकडे निवडणुकीतली जीप कोणत्या राईसमिलच्या आवारात डिझेल भरते हे सगळ्या गावाला ठाऊक असतं, आणि मिलवाल्याचं काम कचेरीत कधी अडत नाही हे तर मी स्वतः बघत होतो. आमच्याकडे तेवढी यादी कोणी लावत नाही. भाऊ ज्याच्यावर चिडला होता ते मला जन्मापासून माहीत होतं. आणि त्याच्या सगळ्या शिव्यांच्या मुळाशी एका कारकुनाचा मजकूर होता, हे मलाच माहीत होतं. तो कंपनीला नीच म्हणायचा, सरकारला विकलेलं म्हणायचा. ते मी आईला मोठ्याने वाचून दाखवायचो, माझा आवाज एकदाही कापला नाही.

ऑपरेशन पदरच्या पैशाने करण्यासारखं नव्हतं, निदान तिथे. भारतात येऊन करा, असं मी दोनदा लिहिलं. भाऊ म्हणाला, हक्काचं आहे ते का सोडू? आपण जिंकणार अशी त्याला खात्री होती, कारण दाखला खोटा आहे अशी त्याला खात्री होती. नकार आल्यापासून वहिनीची खालची ओळ मात्र बंद झाली होती. पाच-सहा महिन्यांनी ती पुन्हा दिसायला लागली. सर्वांना नमस्कार, एवढीच.

पंचाऐंशीच्या हिवाळ्यात अखेर तो तिला घेऊन आला. मुंबईत एका मोठ्या हॉस्पिटलात दाखवलं. तिथले डॉक्टर म्हणाले, वर्षभर आधी आणायला हवं होतं. आता हृदय फुगलं आहे, फुप्फुसांवर ताण आला आहे, टेबलावरून उठेल याची खात्री देता येत नाही. गोळ्या लिहून दिल्या, मीठ बंद केलं. भाऊ तिला मोहाडीला घेऊन आला. तिकडे थंडी, दिवसभर घरात एकटी, बघायला कोणी नाही. इथे आई होती, माझी बायको होती. महिनाभराने भाऊ परत गेला. मी त्याला थांब म्हणालो. तो म्हणाला, “नोकरी सोडली त विमा बी जाते.” जो विमा काही देत नव्हता तो जाऊ नये म्हणून तो परत गेला. मी त्याला बसवर बसवून दिलं.

वहिनी आमच्याकडे साडेचार महिने राहिली. ओसरीवर तिची खाट टाकली होती, पाठीशी चार उशा, कारण आडवं झालं की तिला श्वास पुरायचा नाही. पाय सुजलेले. बायको तिला अळणी भात आणि उकडलेले शिंगाडे भरवायची. आई तिच्याशी जुन्या गोष्टी बोलत बसायची. कोणी आजाराचं विचारलं की वहिनी हसून विषय बदलायची. मी सकाळी तिच्या गोळ्या मोजून वाटीत ठेवायचो आणि कचेरीत जायचो. तिच्याकडे बघून मला काय वाटायचं, असं कोणी विचारलं तर प्रामाणिकपणे सांगतो, काही वाटायचं नाही. वाटण्याच्या जागी एक बधिर चकती बसली होती, दात काढण्याआधी सुई टोचल्यावर हिरडी होते तशी. त्या जागेला हात लावला तरी कळायचं नाही.

एप्रिलच्या शेवटी ती गेली. भाऊ तिसऱ्या दिवशी पोचला. तेराव्याला जमलेल्या लोकांना त्याने अमेरिकेचं सगळं राजकारण सांगितलं, कंपन्या कायदे कसे करवून घेतात, माणसाला कागदात कसं मारतात. लोक ऐकत होते. एका म्हाताऱ्याने विचारलं, “तिथं बी असंच चालते काय जी?” मी लोकांना ताटं वाढत होतो.

ती जायच्या महिनाभर आधीची एक दुपार सांगायची राहिली. रविवार होता. आई आणि बायको लग्नघरी गेल्या होत्या. मी खाटेजवळ बसून पेपर वाचत होतो. वहिनी म्हणाली, “भाऊजी, कोनी नाई तवर एक बोलू काय?”

मी पेपर खाली ठेवला.

“तो दाखला मी पाहिला होता. यायनं मले दाखवला. डॉक्टरनं खोटं लिवलं म्हने. मी काई बोलली नाई.” ती थांबली, श्वास घेतला. “खोटं नोहोतं ते. नऊ सालाची होती मी, ताप आला होता. सांधे धरले होते. दोन साल इंजेक्शनं घेतली. डॉक्टरनं बाबाले तेव्हाच सांगितलं होतं का पोरीच्या दिलाले धक्का बसला आहे. तुमच्या घरून मागनी आली तवा बाबानं डॉक्टरचे पाय धरले. सांगू नोका कोनाले म्हने. डॉक्टरनं शब्द देल्ला होता.”

मी तिच्याकडे बघत होतो. डॉक्टरांनी चष्मा का पुसला आणि खालची ती ओळ कुठून आली, ते मला त्या दुपारी कळलं. मी कारकुनी सवयीने बसमध्ये बसून एक खोटं रचलं होतं, आणि ते मुळात खरं निघालं होतं. मी ते घेऊन गेलो नसतो तर म्हाताऱ्याने आपला शब्द पाळला असता. मुलगी निरोगी होती असं लिहून दिलं असतं, आणि झडप मोकळी झाली असती.

“डॉक्टर आपल्या मनानं लिवनारे नोहोते,” वहिनी म्हणाली. “तुमी जाऊन सांगितलं म्हनून लिवलं. म्हंजे तुमाले ठाऊक होतं. आईले बी ठाऊक असन. मी लय विचार केला त्याच्यावर तिथं, घरात एकटी बसून. पयले लाज वाटली. नमस्कार बी लिववेना. मंग वाटलं, बारा साल झाले, सासू-दिराले सगळं ठाऊक आहे, फसवून देल्ली पोरगी आहे हे ठाऊक आहे, तरी एका शब्दानं कोनी बोललं नाई मले. पोर नाई झालं, तरी नाई बोललं. असं सासर कोनाले भेटते जी?”

मला जे बोलायला हवं होतं ते एकच वाक्य होतं. वहिनी, आम्हाला काहीच माहीत नव्हतं, ते मी मनाने लिहिलं. त्या वाक्याने तिचं सासर तिच्याकडून काढून घेतलं असतं, असं मी पुढे स्वतःला अनेकदा सांगितलं. पण त्या वेळी मी एवढा विचार केला नव्हता. मला भीती वाटली होती, एवढंच.

“यायले नोका सांगू,” ती म्हणाली. “कंपनीशी भांडून राहिले, भांडू द्या त्यायले. मी मेल्यावर त्यायले तेवढंच राहीन.”

“नाई सांगत,” मी म्हणालो. “आपल्या घरी असं कोनी बोलत नाई वहिनी. आमाले त्याच्यात काय वाटाचं होतं?”

आमच्यात धाकट्या दिराने वहिनीच्या पाया पडायचं असतं. तिने उशांवरून पाठ उचलली, तेवढ्यानेही तिला धाप लागली, आणि तिने माझ्यापुढे दोन्ही हात जोडले. मी ते तिला जोडू दिले.